बिली मॅकेंझी ऐकायला सुरुवात कुठून करायची? नवख्यांसाठी वाटाड्या

न्यू वेव्ह, म्हणजे पंकनंतर सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीत आलेलं रॉक-पॉप, म्हटलं की आपल्याकडे तीच तीच नावं निघतात. क्युअर, डेपेश मोड, ड्युरान ड्युरान, टॉकिंग हेड्स, फार तर ब्लाँडी, आणि गाडी तिथेच थांबते. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या बिली मॅकेंझीचं नाव कोणी काढत नाही आणि काढलंच तर "हां, तो एका गाण्याचा" म्हणून सोडून देतात. माझ्या मते त्या पिढीत ब्रिटनमध्ये असा गळा दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय.

अडचण एकच, ह्या माणसाचं करिअर म्हणजे नुसता पसारा आहे. एकाच आल्बमच्या दोन वेगळ्या आवृत्त्या, एक आख्खा आल्बम चौदा वर्षं कंपनीच्या कपाटात, बँडचं नाव तेच पण आतली माणसं बदललेली, वर मेल्यानंतर निघालेल्या सीडींची रांग. नवा माणूस ॲप उघडतो, पहिलं दिसेल ते लावतो, नेमकं १९९० चं काहीतरी गुळगुळीत लागतं, आणि मग "ठीके, ऐंशीतला अजून एक" म्हणून पुढे जातो. म्हणून क्रम लावून देतोय. वर्षांप्रमाणे जाऊ नका, मी सांगतो तसं जा, नंतर पाहिजे तर उलटसुलट करा.

आधी एवढं डोक्यात ठेवा

बँडचं नाव असोसिएट्स. सर्चमध्ये टाकलं की साठच्या दशकातला 'द असोसिएशन' नावाचा अमेरिकन ग्रुप मधे मधे येतो, तो हा नव्हे. असोसिएट्स म्हणजे मुळात दोन माणसं: बिली मॅकेंझी गाणार आणि शब्द लिहिणार, ॲलन रँकिन गिटार, कीबोर्ड आणि हाताला लागेल ते वाजवणार. दोघं १९७६ मध्ये भेटले. त्याआधी बिली पोरवयातच न्यूझीलंड, मग अमेरिका असा फिरून आला होता, तिथे लास वेगासमध्ये लग्नही करून बसला होता, ते फार टिकलं नाही. जन्म १९५७ चा, म्हणजे हे सगळं विशीच्या आत.

१९७९ मध्ये ह्यांनी पहिला सिंगल (एकाच गाण्याची सुटी रेकॉर्ड) काढला तो डेव्हिड बोवीच्या 'बॉइज कीप स्विंगिंग'चा. बोवीचं मूळ गाणं बाजारात येऊन जेमतेम सहा आठवडे झालेले, आणि ह्यांनी परवानगी-बिरवानगी काही न घेता स्वतःच्याच लेबलवर ते ठोकून दिलं. हेतू एकच, कोणाचं तरी लक्ष जावं. गेलं. क्युअर ज्या लेबलवर होते त्या फिक्शनने ह्यांना घेतलं.

पायरी १: एकच गाणं, आणि ते बघायचं

'पार्टी फिअर्स टू'. फेब्रुवारी १९८२ चा सिंगल, ब्रिटनच्या चार्टात ९ व्या नंबरापर्यंत गेला. पहिल्यांदा ऑडिओ नको, बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मधली क्लिप शोधा आणि ती बघा. डोक्यावर बेरे टोपी, चेहऱ्यावर असं हसू की हा माणूस सगळ्या कार्यक्रमाची मनातल्या मनात खिल्ली उडवतोय, आणि शेजारी रँकिन तलवारबाजीच्या पोशाखात बँजो घेऊन उभा. कीबोर्डवर मार्था लॅडली, ती 'मार्था अँड द मफिन्स' ह्या बँडमधली.

आता कान कुठे द्यायचा ते सांगतो. पियानोची ती उड्या मारणारी धून डोक्यात बसते, ती बसणारच, ती काही वर्षं आधीच तयार होती आणि फारच पॉप वाटते म्हणून दोघांनी राखून ठेवली होती. पण तुम्ही तिच्यावर आवाज कसा चालतो ते बघा. तो धुनीच्या मागे जात नाही, तिच्या डोक्यावरून जातो, खालच्या जाड सुरातून एकदम वर फेकला जातो आणि तिथे थरथरत थांबतो. चार ऑक्टेव्ह (सप्तकं), पाच ऑक्टेव्ह असे आकडे लोक फेकत असतात, त्यांना काही अर्थ नाही, आवाज वर जाताना पातळ होत नाही हे महत्त्वाचं. नाट्यगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला हे पटकन कळेल, दीनानाथांची ती अचानक झेपावणारी तान ज्यांच्या कानात आहे त्यांना "हा एवढा का ओरडतोय" असा प्रश्न पडणार नाही. पोस्ट-पंकच्या, म्हणजे त्याच काळातल्या जास्त रुक्ष रॉकच्या, सपाट, थंड आवाजांची सवय असलेल्यांना मात्र पहिल्यांदा जड जातं. तीनचार वेळा ऐका.

गाण्याचा विषय पार्टी आणि दारू असा आहे, शीर्षक आलं ते एका पार्टीत जबरदस्ती घुसायला बघणाऱ्या दोन मुलींवरून. बीबीसी रेडिओ ४ वर 'वीक एंडिंग' नावाचा राजकीय विनोदाचा कार्यक्रम होता, त्याला हीच धून लावायचे, त्यामुळे अनेक ब्रिटिश लोकांना ती माहीत असते पण कोणाची ते माहीत नसतं. बिलीच्या बाबतीत हे असंच चालू राहिलं.

पायरी २: 'सल्क', पण बरोबरचा 'सल्क'

मे १९८२ चा आल्बम, चार्टात १० वा. हाच मुख्य. निर्माता माइक हेजेस, ज्याने क्युअरचे 'सेव्हन्टीन सेकंड्स' आणि 'फेथ' केले तोच.

लावायच्या आधी थांबा. ह्याच्या दोन आवृत्त्या फिरतात. ब्रिटिश आवृत्ती सुरू होते ती 'अरोगन्स गेव्ह हिम अप' ह्या बिनगाण्याच्या तुकड्याने आणि संपतेही बिनगाण्याच्या तुकड्याने. अमेरिकन आवृत्तीत क्रम उलटापालटा केलाय, सिंगल्स पुढे आणलेत, 'लव्ह हँगओव्हर' वगैरे घुसवलंय आणि 'बाप द ला बाप' आणि 'न्यूड स्पून्स' ही दोन सगळ्यात वेडी गाणी काढून टाकलीत. सुरुवातीच्या काही सीडींवरही हीच अमेरिकन यादी होती. तेव्हा पहिला ट्रॅक बघायचा, त्यात गाणारा आवाज नसेल तर तुम्ही बरोबर जागी आहात, 'इट्स बेटर धिस वे' ने सुरू झालं तर बंद करा आणि दुसरा शोधा. वाईट नाहीये तो, पण ब्रिटिश क्रमात आल्बम हळूहळू उजेडाकडे येतो, आधी अंधारी आणि चक्रम गाणी आणि मग शेवटाकडे 'पार्टी फिअर्स टू' आणि 'क्लब कंट्री', ती मजा अमेरिकन क्रमात पार गेली.

दुसरी गोष्ट, फोनच्या स्पीकरवर लावू नका प्लीज. ह्या आल्बमवर थरावर थर आहेत, एका गाण्यात चार गाणी वाजल्यासारखी, आणि छोट्या स्पीकरवर त्याचा नुसता कालवा होतो. साधे बरे हेडफोन असले तरी चालतील.

'नो' पासून नीट लक्ष द्या. हळू, काळं, नाटकी, आणि तो शब्द अशा गांभीर्याने गातो की हसावं की घाबरावं कळत नाही. मग 'ग्लूमी संडे', बिली हॉलिडेमुळे जगभर गेलेलं मूळचं हंगेरियन गाणं. 'स्किपिंग' मला स्वतःला आख्ख्या आल्बममधलं सगळ्यात आवडतं, पण पहिल्या खेपेला ते निसटून जातं, होऊ द्या. 'क्लब कंट्री' म्हणजे लंडनच्या नाइटक्लबात एकमेकांना न्याहाळत उभ्या असलेल्या शिष्ट मंडळींची घेतलेली हजेरी, आणि गंमत म्हणजे त्याच क्लबात नाचायला ते एकदम फिट आहे. १३ व्या नंबरापर्यंत गेलं.

ह्या आल्बमचे किस्से भरपूर आहेत. कंपनीने दिलेल्या ॲडव्हान्समधले अर्धेअधिक पैसे हॉटेल, कपडे आणि नशापाण्यात गेले, बिलीच्या व्हिपेट जातीच्या कुत्र्यांना हॉटेलात वेगळी खोली आणि खायला स्मोक्ड सामन, असं सांगतात. कुत्र्यांचं वेड तर खरंच होतं त्याला. नंतर '१८ कॅरट लव्ह अफेअर'च्या वेळी रँकिनने 'टॉप ऑफ द पॉप्स'वर चॉकलेटची गिटार आणली आणि वाजवता वाजवता प्रेक्षकांना खायला दिली, ह्याची क्लिप आहे, बघा. पण किस्स्यांत अडकू नका, असोसिएट्सवर लिहिणारे निम्मे लोक कुत्रे आणि चॉकलेटच्या पुढे जातच नाहीत आणि गळा राहतो बाजूला.

पायरी ३: एक वर्ष मागे

'सल्क' पचला की 'फोर्थ ड्रॉवर डाउन'. हा खरं म्हणजे आल्बम नाही, १९८१ मध्ये सिच्युएशन टू नावाच्या लेबलवर ह्यांनी एकामागोमाग एक सिंगल्स काढले त्यांची मोळी आहे. नाव कुठून आलं, तर चौथ्या खणात झोपेच्या आयुर्वेदिक टाइपच्या गोळ्या ठेवलेल्या असायच्या म्हणून.

इथे सगळं जास्त थंड, जास्त युरोपियन आहे. 'व्हाइट कार इन जर्मनी' पहिलं लावा, संथ मार्चसारखी चाल, शीतयुद्धाच्या काळातल्या हेरकथेची हवा, आणि वर हा ऑपेरावाल्यासारखा सूर लावून गातोय. त्यानंतर 'टेल मी ईस्टर्स ऑन फ्रायडे' आणि 'क्यू क्वार्टर्स'. 'किचन पर्सन' मध्ये आवाज विचित्र येतोय असं वाटेल, ते बरोबरच आहे, व्हॅक्यूम क्लीनरच्या लांब नळीतून गायलंय. सगळी गाणी सारखी चांगली नाहीत, एकदोन नुसती प्रयोग म्हणून आहेत, ती पुढे ढकलली तरी पाप लागणार नाही.

पायरी ४: पहिला आल्बम

'द अफेक्शनेट पंच', ऑगस्ट १९८०. इथे पुन्हा आवृत्त्यांची भानगड: १९८२ मध्ये नाव झाल्यावर हाच आल्बम नव्याने मिक्स करून, काही भाग नव्याने गाऊन परत काढला. मूळ १९८० चा आवाज कितीतरी वर्षं सीडीवर मिळतच नव्हता, २००५ मध्ये आला. तुम्ही मूळच ऐका. ८२ चा जास्त चकचकीत आहे पण त्यात 'सल्क'चा रंग मागून लावलाय हे कळतं. मूळमध्ये गिटार उघडी आहे, जागा मोकळी आहे आणि तेवीस वर्षांचा पोरगा आपल्या गळ्यात काय काय आहे ते पहिल्यांदा तपासतोय. मागे कोरसमध्ये क्युअरचा रॉबर्ट स्मिथ आहे.

'इव्हन डॉग्ज इन द वाइल्ड' आणि 'पेपर हाउस' दोन तरी ऐकाच. स्कॉटिश गुन्हेकथा वाचणाऱ्यांना पहिलं नाव ओळखीचं वाटेल, लेखक इयान रँकिनने २०१५ च्या आपल्या इन्स्पेक्टर रीबसच्या कादंबरीला हेच नाव दिलं.

पायरी ५: मोडलं का, हे समजून घ्या

इथे पाच मिनिटं वाचनाची, कारण हे नाही कळलं तर पुढची गाणी कळणार नाहीत.

१९८२ च्या उन्हाळ्यात तीन हिट सिंगल्स, टॉप टेन आल्बम, अमेरिकेतून सायर लेबलच्या सिमोर स्टाइनची मोठी ऑफर, दौरा ठरलेला. आणि बिलीने नाही म्हटलं. दौऱ्याला नाही, अमेरिकेला नाही. रँकिन वैतागला आणि बाहेर पडला. स्टेजची भीती, कंपनीचा कंटाळा, हट्ट, ज्याला जे पटेल ते तो सांगतो. मला वाटतं त्याला स्टुडिओत एकेका गाण्यावर वेडं व्हायला आवडायचं आणि तेच गाणं चाळीस गावांत चाळीस रात्री तसंच म्हणायची कल्पनाच सहन होत नव्हती. पॉपच्या धंद्यात ह्याला माफी नसते. त्याच वर्षी ज्यांच्याबरोबर त्यांची नावं छापून यायची ते अमेरिका करून मोठे झाले.

रँकिन पुढे ग्लासगोच्या स्टो कॉलेजमध्ये शिकवायला लागला, तिथल्याच विद्यार्थ्यांच्या लेबलवर १९९६ मध्ये 'बेल अँड सबॅस्टियन'चा पहिला आल्बम निघाला. २०२३ च्या जानेवारीत तो गेला. रँकिनला नुसता "दुसरा माणूस" समजू नका, 'सल्क'चं अर्धं वेड त्याचं आहे, आणि पुढच्या आल्बममध्ये तो नाही हे तुम्हाला पहिल्या मिनिटात ऐकू येईल.

पायरी ६: 'पर्हॅप्स' मधून वेचून घ्या

१९८५. नाव असोसिएट्सच, पण आता बिली आणि नवी मंडळी. रेकॉर्डिंगला प्रचंड वेळ आणि पैसा गेला, निर्माते बदलत गेले, मार्टिन रशंट, मार्टिन वेअर, डेव्ह ॲलन, आणि त्यामुळे आल्बम एकसंध नाही. ड्रम मशीन आणि सिंथ अगदी त्या वर्षाचे. आख्खा लावायची गरज नाही.

पण 'ब्रेकफास्ट' चुकवू नका. तार-वाद्यांवरचं संथ बॅलड, नखरा जवळजवळ शून्य. सिंगल म्हणून ४९ व्या नंबरावर अडकलं. ह्या माणसाला कमी लेखलं गेलं असं मी म्हणतो तेव्हा हेच गाणं पुढे करतो, कारण इथे विचित्रपणाची सबब नाही, कोणालाही आवडेल असं गाणं आहे, तरी लोकांनी घेतलं नाही. त्यासोबत 'दोज फर्स्ट इम्प्रेशन्स' आणि 'वेटिंग फॉर द लव्हबोट'. बस.

पायरी ७: दुसऱ्यांच्या घरी गायलेली गाणी

हा भाग लोक विसरतात आणि माझ्या मते इथेच खजिना आहे.

ह्यूमन लीगमधून बाहेर पडलेल्या मार्टिन वेअर आणि इयान क्रेग मार्श ह्यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश इलेक्ट्रिक फाउंडेशन ह्या नावाने जुन्या गाण्यांचा एक संग्रह काढला, वेगवेगळे गायक घेऊन, टीना टर्नरसुद्धा होती त्यात. बिलीने दोन गाणी गायली, रॉय ऑर्बिसनचं 'इट्स ओव्हर' आणि बोवीचं 'द सीक्रेट लाइफ ऑफ अरेबिया'. ऑर्बिसनच्या गाण्याला हात लावणं म्हणजे धाडसच, आणि हा त्यात आरामात वावरतो.

मग स्विस जोडी येलो. १९८७ चं 'द रिदम डिव्हाइन' ऐका, गायलंय शर्ली बॅसीने, शब्द बिलीचे, मागे त्याचा आवाजही आहे. जेम्स बाँडची गाणी गाणारी बाई आणि डंडीचा हा पोरगा एका गाण्यात, ऐकल्यावर कळतं की हे व्हायलाच हवं होतं. येलोच्याच 'वन सेकंड' आल्बमवर 'मून ऑन आइस' तो स्वतः गातो, आणि १९९१ च्या 'बेबी' वर 'कॅप्री कॉलिंग'. रात्री उशिरा लावायची गाणी आहेत ही.

शेवटच्या वर्षांतलं बॅरी ॲडमसनसोबतचं 'अचीव्ड इन द व्हॅली ऑफ डॉल्स' आणि अपोलो फोर फॉर्टीसोबतचं 'पेन इन एनी लँग्वेज' पण यादीत टाका.

पायरी ८: मधली वर्षं, घाईत

'द ग्लॅमर चेस' १९८८ मध्ये तयार होता, कंपनीने दाबून ठेवला, फक्त ब्लाँडीच्या 'हार्ट ऑफ ग्लास'चा सिंगल बाहेर आला, आल्बम निघाला २००२ मध्ये. ऐकण्यासारखा आहे, पण आधीचं सगळं झाल्यावर. १९९० चा 'वाइल्ड अँड लोनली' असोसिएट्स ह्या नावाचा शेवटचा, गळा ठणठणीत, गाणी गुळमट. १९९२ चा 'आउटरनॅशनल' हा त्याच्या स्वतःच्या नावाचा, त्यातही थोडंफारच हाताला लागतं. चाहते चिडतील पण नवख्याने ह्या तीनमध्ये वेळ घालवू नये.

१९९३ मध्ये बिली आणि रँकिन पुन्हा एकत्र बसले, काही डेमो केले, आणि परत फिसकटलं. ते डेमो २००० साली आलेल्या 'डबल हिपनेस' मध्ये आहेत, सुरुवातीच्या काळातल्या कच्च्या गाण्यांसोबत. त्यात 'स्टीफन, यू आर रिअली समथिंग' असं एक गाणं आहे. स्मिथ्सचं 'विल्यम, इट वॉज रिअली नथिंग' बिलीवर आहे असं बरेच लोक मानतात, स्टीफन म्हणजे स्मिथ्सचा गायक मॉरिसी, तर हे बिलीचं उत्तर, इतक्या वर्षांनी.

पायरी ९: 'बियाँड द सन'

१९९६ मध्ये बिलीची आई गेली. २२ जानेवारी १९९७ ला डंडीजवळच्या ऑख्टरहाउसमध्ये वडिलांच्या घराशी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं, वय ३९. नव्या लेबलशी करार नुकताच झाला होता. ती गाणी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'बियाँड द सन' म्हणून आली, काही गाण्यांचं काम कॉक्टो ट्विन्स ह्या बँडच्या सायमन रेमंडने पूर्ण केलं. रॉबर्ट स्मिथने पुढे २००१ मध्ये 'कट हिअर' हे गाणं ह्याच मित्रावर लिहिलं, शेवटच्या भेटीत घाईघाईत टाळलं ह्याची टोचणी आहे त्यात.

हा आल्बम पहिला ऐकू नका असं मी मुद्दाम सांगतो. मृत्यूची बातमी वाचून थेट इथे आलात तर प्रत्येक ओळीत तेच शोधत बसाल, आणि तो फक्त दुःखी माणूस नव्हता, पक्का टवाळ होता. 'सल्क' मधला मस्तीखोर कानात असला की 'विंटर अकॅडमी' मध्ये नुसता पियानो आणि आवाज समोर आल्यावर त्याने काय काय सोडून दिलंय ते कळतं. 'ब्लू इट इज' आणि 'ॲट द एज ऑफ द वर्ल्ड' त्यानंतर.

पॉल हेगसोबतचा 'मेमरी पॅलेस' १९९९ चा, आवडला तर घ्या. त्याच्याही पुढच्या संग्रहांत तीच गाणी वेगवेगळ्या मिक्समध्ये फिरत राहतात.

विकत घ्यायचं असेल तर

२०१६ मध्ये पहिले तिन्ही आल्बम जादा गाण्यांसकट दोन-दोन सीडींचे निघाले, तेवढे मिळाले तरी नव्वद टक्के काम झालं. जुनी एलपी बाहेरून मागवत असाल तर विकणाऱ्याकडून मागच्या कव्हरचा फोटो आधी मागा आणि गाण्यांची यादी जुळवून बघा. 'सल्क' वर सायरचा शिक्का असेल तर ती अमेरिकन, आणि 'अफेक्शनेट पंच'वर १९८२ लिहिलं असेल तर ती नव्याने मिक्स केलेली. दोन्ही स्वस्तात मिळत असतील तर खुशाल घ्या, पण पहिली म्हणून नको.